उजवा की डावा?

वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. बरीच वर्षे ते आमची आई करायची. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरे गिरवलेली बाई. पण वाचायला बसली की ओळ चुकत नसे. २०२२ च्या वर्षावासात मात्र ती मधेच थांबू लागली. "अक्षरं मुंग्यावानी पळायलेत," म्हणाली. आम्हा भावंडांना वाटले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. साखरेचा आजार होऊन तिला बारा वर्षे झाली होती. पण साखर डोळ्यात उतरते हे आमच्या डोक्यातच आले नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती, हे आम्ही वाचलेले होते. तरीही!

हा आजार दुखत नाही, हीच त्याची खोड. साखरेने डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, पाझरतात. पुढे नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात आणि एखाद्या दिवशी डोळ्यात रक्त उतरते. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासला तर वेळीच कळते. लेसरने पुढचे नुकसान बरेचसे थांबवता येते, पण गेलेली नजर सहसा परत येत नाही.

जवळच्या एका खाजगी दवाखान्यात आईला नेले. लेसर झाले. नऊ हजार रुपये लागले, त्यातले पाच उसने. हातात दोन चिटोऱ्या आल्या. एकीवर "नजर कमी, लेसर केले, थेंब चालू", दुसरीवर "डोळ्याचा उपचार, रु. ९,०००". कोणता डोळा, आजार कोणत्या टप्प्यावर, एका बैठकीचे किती, तपासणीचे किती, काही नाही. आम्ही विचारलेही नाही. डॉक्टरला विचारायचे म्हणजे उलट बोलणे, असे आमच्या घरात अजून वाटते.

फेब्रुवारी २०२३. वसमतकडे हळद शिजवायचे दिवस, चार पैसे मिळण्याचे तेवढेच. त्यातच आईच्या डाव्या डोळ्यापुढे काळी जाळी आली. नांदेडच्या एका रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी विचारले, "लेसर कोणत्या डोळ्याला? किती वेळा? पडद्याचा आधीचा फोटो?" आई म्हणाली, "लख्ख उजेड दिसला बाबा, मला काय म्हाईत." लेसरचे डाग त्यांना तपासणीत दिसले, पण डोळा आधी कसा होता हे सांगणारा कागद नव्हता. सगळ्या तपासण्या पुन्हा.

आमचे केशरी कार्ड. २०१२ साली जीवनदायी नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालणारी योजना आम्हाला लागू होती. आरोग्यमित्राने नोंद केली, रुग्णालयाने मंजुरीसाठी प्रस्ताव पाठवला आणि तो परत आला. अर्जात 'उजवा', फोटोत डावा! तपासणाऱ्याने अडवले ते बरोबरच होते. नाहीतर चांगल्या डोळ्यावर उपचार झाल्याचा कागद तयार झाला असता. पण दुरुस्तीत आठ दिवस गेले. आठ दिवसांची मजुरी गेली आणि तोवर आईला त्या डोळ्याने हाताची बोटेही मोजता येईनात.

त्या आठ दिवसांत आम्ही कागद वाचायला शिकलो. 'ओडी' म्हणजे उजवा डोळा, 'ओएस' म्हणजे डावा. ६/६० म्हणजे चांगला डोळा जे साठ मीटरवरून वाचतो ते आईला सहा मीटरवरून दिसते. नुसते 'मधुमेह' लिहिणे पुरत नाही. 'मधुमेहामुळे पडद्याचा आजार' आणि त्याचा टप्पा लिहिलेला हवा, कारण लेसर का लागले हे त्यावरूनच ठरते. हे लिहायचे काम डॉक्टरचे. पण लिहिले की नाही ते पाहायला आता आम्ही शिकलो होतो.

जुन्या दवाखान्यात नोंदी मागायला गेलो, तर "असे कागद देत नसतात" म्हणाले. विहारातल्या एका शिकलेल्या पोराने सांगितले की भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. साध्या कागदावर अर्ज लिहिला, दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. पोच देताना कारकुनाने दोनदा आमच्याकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी कागद मिळाले. त्यात होते: लेसर उजव्या डोळ्याला, एक बैठक; डाव्या डोळ्यालाही आजार, महिन्याने बोलावणे. ते बोलावणे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

उजवा डोळा टिकला आहे. डाव्यात उजेड-अंधार कळतो, एवढेच. आता विहारात नात वाचते आणि आई शेजारी बसून तिची चूक कानाने पकडते. आईचे सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेच्या क्रमाने. दवाखान्यात गेली की डॉक्टरांचा पेन थांबल्यावर ती विचारते, "सायेब, डाव्याचं बी लिव्हलं का?"