चूर्णाचे आयुष्य

संग्रह करणे हा गृहस्थाश्रमाचा एक गुण मानला जातो; परंतु काही पदार्थ असे असतात, की त्यांचा फार संग्रह करणे म्हणजे त्यांचा नाशच होय. औषधी चूर्णे ही त्यांतलीच. शार्ङ्गधरसंहितेने वनौषधीच्या वीर्याला एका वर्षाची मर्यादा घातली आहे; गोळ्या व अवलेह यांनाही तेवढीच; चूर्णाला मात्र अवघे 2 महिने! आजच्या सरकारी नियमांत कारखान्यातील चूर्णाला 2 वर्षांची मुदत आहे खरी. पण एकदा डबा उघडला, की घरातली हवा मुदतीचे आकडे वाचीत बसत नाही.

कारण उघड आहे. अखंड हिरड्याला सालीचे चिलखत असते. तो कुटला, की त्याचा कण न् कण उघडा पडतो. वेलची-दालचिनीचे सुगंधी तेल तर उडूनच जाते. सितोपलादी चूर्णात 16 भाग खडीसाखर, 8 वंशलोचन, 4 पिंपळी, 2 वेलची आणि 1 दालचिनी. नाशकात पावसाची झड लागली, गोदावरी गढूळ झाली, की ही साखर ओल शोषून घेते व चूर्णाचा गोळा होतो. आणि खोकलाही नेमका त्याच दिवसांत घरोघर येतो!

आमच्या पंचवटीतल्या घरी आजीची रीत ठरलेली होती. सारे जिन्नस अखंड ठेवायचे. उन्हात खडखडीत वाळवून महिन्यापुरतेच कुटायचे. वस्त्रगाळ करून काचेच्या लहान बाटलीत तोंडोतोंड भरायचे, म्हणजे आत हवेला जागा उरत नाही. बाटली चुलीपासून दूर, अंधाऱ्या फडताळात, चमचा कोरडा, आणि वर कुटल्याच्या तिथीची चिठ्ठी.

ती गेल्यावर तिच्या हातची सितोपलादीची शेवटची बाटली मागे राहिली. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरांत ‘माघ शुद्ध पंचमी’. आई त्या बाटलीला कोणाला हात लावू देत नसे. श्रावणात माझ्या धाकट्या मुलीला खोकला झाला, तेव्हा आईनेच ती काढली. बूच उघडले, वेलचीचा वास आला नाही. ती क्षणभर तशीच उभी राहिली.

“सासूबाईंनी हे पोरीला देऊ दिले नसते,” एवढेच ती म्हणाली, आणि चूर्ण तुळशीच्या आळ्यात रिकामे केले. चिठ्ठी मात्र पाण्याने भिजवून तिने अलगद सोडवून घेतली.

कित्येक महिन्यांनी त्या दुपारी घरात खलबत्ता वाजला. बाटली तीच राहिली; तिथी नवी आली, आणि अक्षर आईचे.