मारियेची साडी आणि माझी हुशारी

आंजेलो द फोन्सेका या गोमंतकीय चित्रकारावर मी पूर्वी एक लेख लिहिला होता. नाताळच्या आसपास पुरवणीला काहीतरी 'वेगळं' हवं असतं, आणि साडी नेसलेली मारिया मांडीवर बाळ येशूला घेऊन बसली आहे, यापेक्षा वेगळं काय मिळणार, असा माझा हिशेब होता. लेख बरा वाचला गेला. फोन आले, कौतुक झालं. आज तो लेख मला वाचवत नाही. त्यातली नावं आणि सालं बरोबर आहेत, पण त्यांच्या आधाराने मी जे जे ठोकून दिलं, ते बहुतेक चुकलेलं आहे.

लेखाचा सूर असा होता: फोन्सेका यांनी ख्रिस्ती देवमाता हिंदू वेशात रंगवली, दोन धर्मांमध्ये सेतू बांधला, त्यासाठी शुद्ध भारतीय शैली वापरली आणि चर्चविरुद्ध बंड पुकारलं. प्रत्येक वाक्य टाळी घेणारं होतं. आपल्याकडे समन्वयाचा मसाला घातला की कुठल्याही कलावंतावरचा लेख खपतो.

पहिला धक्का एका पत्राने दिला. पुण्यात स्थायिक झालेल्या एका वयस्कर गोंयकार बाईंचं पत्र होतं. मजकूर थोडक्यात असा, की साडी हिंदू कधीपासून झाली? त्यांच्या गावातल्या ख्रिस्ती कष्टकरी बायका कापड, म्हणजे साडी, नेसूनच शेतात जात आणि कापड नेसूनच मिस्साला. घरोघरी सायबीण, म्हणजे मारियेची मूर्ती, येते तेव्हा तिच्यापुढे गुडघे टेकणाऱ्या आजीच्या अंगावरही तेच असे. चित्रकाराने मारियेला दुसऱ्या धर्माचे कपडे चढवले नाहीत, आपल्या गावचे चढवले. शेवटी त्यांनी नम्रपणे विचारलं होतं, की युरोपातल्या चित्रांमधल्या मारियेच्या झग्याला मी कोणत्या धर्माचा म्हणतो?

हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. पंधराव्या शतकातले फ्लेमिश चित्रकार घ्या. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात मेरोड अल्टरपीस म्हणून ओळखलं जाणारं चित्र आहे, रॉबर्ट कँपिनच्या कार्यशाळेतलं. देवदूत मारियेला शुभवार्ता सांगतो तो प्रसंग, पण घर कुणाचं? फ्लँडर्समधल्या खात्यापित्या मध्यमवर्गीयाचं. शेकोटी, बाक, पितळी भांडं, खिडकीच्या झडपा, सगळं तिथलं. इटालियनांनी तिला इटालियन केलं. नाझरेथच्या त्या ज्यू मुलीच्या दृष्टीने हे सगळे परकेच. पण त्यांच्याबद्दल लिहिताना 'मारियेचं इटालियनीकरण' असे शब्द कुणी वापरत नाही. गोव्यातल्या सांत इस्तेव गावच्या फोन्सेकांनी तिला आपल्या अंगणात बसवलं की मात्र त्याला 'प्रयोग' म्हणायचं. मीही तेच केलं होतं.

आणि गोव्यात तरी या कपड्यांचा इतिहास साधा नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये एक आज्ञापत्र काढून ख्रिस्ती झालेल्यांच्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली होती. पुडवें (धोतर) नेसण्यापासून आणि चोळी घालण्यापासून अंगणातल्या तुळशीपर्यंत बारीकसारीक गोष्टी त्यात येतात. इन्क्विझिशन १८१२ साली संपलं, पण 'सभ्य' ख्रिस्ती माणूस कसा दिसतो याची कल्पना मागे राहिली. अशा मुलखात १९३०च्या दशकात एका सधन कॅथलिक घराण्यातला मुलगा देवमातेला अनवाणी, साडीत रंगवतो. मी याला वेशभूषेतली गंमत समजलो होतो. गोव्यातल्या तेव्हाच्या धर्माधिकाऱ्यांना आणि पोर्तुगीज सरकारला ती गंमत वाटली नाही, त्यांना ते झोंबलं. कपड्याचं वजन त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं, असं आता म्हणावं लागतं.

फोन्सेका यांची हकिगत थोडक्यात सांगतो. जन्म १९०२. मुंबईत ग्रँट मेडिकलला डॉक्टर व्हायला गेले, ते सोडून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. तिथल्या युरोपीय वळणाच्या शिक्षणात मन रमेना, म्हणून बंगालात जाऊन अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. परत जा आणि आपली चर्चेस रंगव, असं अवनींद्रनाथांनी त्यांना सांगितल्याची आठवण सांगितली जाते. ते परतले, गोव्यात विरोध झाला आणि ते पुण्याला आले. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून त्यांनी वर्षानुवर्षं चित्रं काढली. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं.

या आश्रमाबद्दलही मी घोळ घातला होता. 'चर्चने नाकारलं, आश्रमाने आसरा दिला' असं लिहून मी मोकळा झालो. आश्रम कुणाचा याची चौकशीच केली नाही. ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच, ही आपल्याकडची सवय. तो आश्रम अँग्लिकन होता आणि फोन्सेका कॅथलिक. त्या काळात या दोन पंथांचं एकमेकांकडे येणंजाणंही सहज नव्हतं. म्हणजे सेतू होताच, पण मी दाखवला तिथे नव्हता. संघाचे संस्थापक जॅक विन्स्लो यांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं आहे. पुढे आदिवासींचे अभ्यासक झालेले व्हेरिअर एल्विन हिंदुस्थानात प्रथम आले ते याच संघात. अभंगाच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाणाऱ्या टिळकांना मानणारी ती माणसं होती. तिथे साडीतली मारिया कुणाला बुचकळ्यात टाकणार नव्हती. फादर स्टीफन्सनी तर येशूची कथा ओवीबद्ध करून १६१६ मध्येच छापली होती. ते ख्रिस्तपुराण आपण मराठीचं वैभव म्हणून मिरवतो, आणि तीनशे वर्षांनी तेच काम कुणी रंगांनी केलं की चकित होतो. मी स्वतः लेखात ख्रिस्तपुराणाचा उल्लेख केला होता, पण त्याचा फोन्सेकांशी संबंध मला दिसला नव्हता.

कमळाचं प्रकरण तर अधिकच लाजिरवाणं. चित्रातल्या कमळाकडे बोट दाखवून मी 'हे लक्ष्मीचं कमळ' असा निकाल दिला होता. पुढे चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवरचा आणि कोट्टायमच्या जुन्या चर्चमधला दगडी क्रूस यांची छायाचित्रं पाहिली. पहलवी लिपीतली अक्षरं कोरलेले ते क्रूस पोर्तुगीज इथे येण्याच्या कितीतरी शतकं आधीचे आहेत, आणि क्रूसाच्या पायाशी कमळ आहे. कमळ या देशातल्या ख्रिश्चनांचंही आहे, बौद्धांचं आणि जैनांचं तर आहेच. चिन्हाची मालकी ठरवून टाकण्याची घाई टीकाकाराला असते. चित्रकाराला ती नसते.

आता 'शुद्ध भारतीय शैली'. बंगालच्या चित्रकारांचं वॉश हे तंत्र अवनींद्रनाथांकडे कुठून आलं? १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्याला आले होते. त्यांना काम करताना पाहून अवनींद्रनाथांनी स्वतःची पद्धत बसवली. म्हणजे गोव्याच्या माणसाने बंगालात शिकलेलं, जपानी पाण्यात भिजलेलं तंत्र, आणि विषय पॅलेस्टाईनचा. यात शुद्ध काय शोधायचं?

याच तंत्राने माझी सर्वांत मोठी चूक उघडी पाडली. लेख लिहीपर्यंत मी फोन्सेकांचं एकही मूळ चित्र पाहिलेलं नव्हतं. छापील प्रती समोर होत्या, त्याही बेताच्या छपाईतल्या. त्यांवरून मी 'फिकट, काहीशी उदास रंगसंगती' असा शेरा मारला होता, आणि शेऱ्यातून अर्थही काढला होता: घर सुटलेल्या माणसाचं दुःख वगैरे. मूळ चित्रं पाहिली आणि दुःख एकदम नाहीसं झालं. वॉशमध्ये जलरंगाचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की कागद पाण्यात भिजवायचा. न मुरलेला रंग वाहून जातो, मुरलेला राहतो. मग पुन्हा थर, पुन्हा पाणी. कडा विरघळतात, आकृती आणि मागची हवा यांच्यातली रेघ पुसट होते. पारदर्शक जलरंगात उजेड बहुतेक करून कागदाचाच असतो. चित्रकाराने जिथे रंग कमी ठेवला तिथून तो येतो. त्यामुळे या मारियेच्या डोक्यामागचं तेजोवलय सोन्याच्या थाळीसारखं वर चिकटवलेलं दिसत नाही, कागदातूनच उजाडल्यासारखं दिसतं. छपाईत हे सगळं मरतं आणि मागे नुसता फिकेपणा उरतो. मी छापखान्याच्या दोषावर चित्रकाराचं मन वाचलं होतं.

माझ्या त्या लेखात श्रद्धेबद्दल एक ओळही नव्हती. समाज होता, राजकारण होतं, शैली होती. एक माणूस रोज प्रार्थना करतो आणि ज्या देवमातेशी बोलतो तिला रंगवतो, ही सरळ शक्यता मी विचारातच घेतली नाही. आम्हा कलेवर लिहिणाऱ्यांना श्रद्धा हे कारण म्हणून पुरेसं वाटत नाही, तिच्यामागे आणखी काहीतरी असणारच असं वाटत राहतं. फोन्सेका यांच्या बाबतीत मागे जे सापडतं ते पुन्हा श्रद्धेपाशीच येतं. सेतू बांधायला ते दोन काठांवर उभे नव्हते. ते एकाच काठावर, आपल्या घरात उभे होते, आणि ते घर कोकणातलं होतं.

बंडाचंही तसंच. मी त्यांना आणि चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना 'गोव्याचे दोन बंडखोर' म्हणून एका परिच्छेदात बसवलं होतं. सूझांचं १९५९चं क्रूसारोहण लंडनच्या टेट संग्रहालयात आहे; त्यातला काळा, काट्यांनी भरलेला ख्रिस्त पाहिला तर भांडण म्हणजे काय ते कळतं. फोन्सेकांच्या चित्रांत भांडण नाही. ते अखेरपर्यंत कॅथलिक राहिले. त्यांना त्रास दिला तो चर्चमधल्या माणसांनी, आणि पाठबळ दिलं तेही चर्चमधल्याच माणसांनी. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले जेझुइट इतिहासकार फादर हेरास त्यांतले ठळक. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली आणि स्थानिक संस्कृतीतून उपासना करायला रोमनेच मोकळीक दिली. फोन्सेका ते तीसेक वर्षं आधीपासून करत होते. त्यांना बंडखोर ठरवलं की लेख रंगतो, एवढाच त्या बिरुदाचा उपयोग होता.

एक किरकोळ पण हास्यास्पद चूक राहिली. पत्नी आयव्ही यांच्या चेहऱ्यात फोन्सेकांना मारिया सापडली, असं मी फार हळवं होऊन लिहिलं होतं. लग्न १९५१चं. साडीतली मारिया ते त्याआधी दोन दशकं काढत होते. दोन्ही सालं माझ्याच लेखात होती, मी फक्त वजाबाकी केली नाही. नंतरच्या चित्रांमध्ये आयव्ही मारियेच्या रूपाने येतात हे खरं, पण मारिया आधीपासून तिथे होती.

आयव्ही यांचं खरं श्रेय वेगळंच आहे आणि ते माझ्या लेखात नव्हतं. नवऱ्याच्या मागे कित्येक वर्षं त्यांनी ही चित्रं जपली आणि पुढे गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या जेझुइटांच्या संस्थेकडे सोपवली. कागदावरचे जलरंग कायम भिंतीवर टांगता येत नाहीत, उजेडाने उडतात, म्हणून तिथे जाण्याआधी काय पाहायला मिळेल याची चौकशी करून जा. आणि पुण्यातल्या वाचकांना एक विनंती. फोन्सेकांचं बरंचसं आयुष्य या शहरात गेलं. जुन्या घरात, पेटीच्या तळाशी, साडीतल्या मारियेचं एखादं जलरंगातलं चित्र मिळालं तर ते नाताळचं जुनं कार्ड समजून रद्दीत घालू नका. त्याचं लॅमिनेशनही करू नका, आणि आधी कुणा जाणत्याला दाखवा.