विजेच्या गाडीचा ताळेबंद

बँकेत मी गेली वीस वर्षं वाहनकर्जाच्या टेबलावर बसतो. एवढ्या काळात माझ्या हाताखालून शेकडो गाड्या गेल्या. माझ्या बुडाखाली मात्र एकच आली, आणि तीही सेकंडहँड. तिला यंदा पंधरा वर्षं पूर्ण होताहेत. पंधरा वर्षांनी गाडीची नोंदणी नव्यानं करावी लागते. म्हणजे आपण अजून जिवंत आहोत असा दाखला तिनं आरटीओत जाऊन द्यायचा. आमचे पेन्शनर दर नोव्हेंबरात बँकेत येऊन देतात, तसाच. फरक इतकाच, की पेन्शनर येताना धूर सोडत नाहीत.

तेव्हा घरात विषय निघाला की, आता घ्यायचीच तर विजेची घ्या. चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांच्या मते पेट्रोल हे माझ्या पिढीचं पाप असून ते फेडण्याची ही शेवटची संधी आहे. (पाप माझं, हप्तेही माझेच, हे मात्र न्यायाला धरून झालं.) सौ.नं एवढंच विचारलं, "अहो, ती गाडी अजिबात आवाज करत नाही म्हणे?" मी म्हटलं, "नाही करत." "मग घ्या. घरात तेवढं एक तरी असू दे."

कुठल्याही व्यवहारात आधी पूर्वेतिहास बघायचा, ही आम्हा बँकवाल्यांची सवय. तो बघितला तर ही गाडी नवी नाहीच. १८९९ साली ज्या मोटारीनं ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला, ती विजेवर चालणारी होती. त्या काळात अमेरिकेत विजेच्या गाड्या चांगल्या चालत. कारण पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे पुढून दांडा घालून गरागरा फिरवायचा, आणि तो उलटा फिरला की मनगट गेलंच. खुद्द हेन्री फोर्डच्या बायकोकडे विजेची गाडी होती. नवरा साऱ्या जगाला पेट्रोलच्या गाड्या विकतोय आणि बायको दुसऱ्या कंपनीची विजेची गाडी फिरवतेय! हे ऐकल्यावर सौ.ला फोर्डबाईंबद्दल एकदम आपुलकी वाटली. पुढं १९१२ साली कॅडिलॅक गाडीत इंजिन सुरू करणारी छोटी विजेची मोटर बसली आणि दांडा गेला. दांड्यापाठोपाठ हळूहळू विजेची गाडीही गेली. म्हणजे विजेचा गळा विजेनंच घोटला. भाऊबंदकी काही फक्त आमच्या कोकणातच असते असं नाही.

सवलतींच्या बाबतीत माझं टायमिंग पहिल्यापासून थोर आहे. विजेच्या गाडीच्या कर्जावर दीड लाखापर्यंतचं व्याज आयकरातून वजा मिळायचं. कलम ८० ईईबी. मी स्वतः कितीतरी ग्राहकांना ते समजावून सांगितलं. ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच ते लागू होतं. आणि माझा विचार पक्का झाला एप्रिल २०२३ मध्ये. मग मी जीएसटीकडे आशेनं पाहू लागलो. विजेच्या गाडीवर ५ टक्के, पेट्रोलच्या छोट्या गाडीवर २८. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या २८ चे १८ झाले, आणि आमचा विजेचा मोठेपणा तेवढ्यानं कमी झाला.

शेवटी एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या जुन्या गाडीला शहरात लिटरमागे १५ किलोमीटर पडतात. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर किलोमीटरला सात रुपये. विजेची छोटी गाडी एका युनिटला सात किलोमीटर जाते. युनिट दहा रुपयांचं धरलं, तर किलोमीटरला दीड रुपया. म्हणजे किलोमीटरमागे साडेपाच रुपये निव्वळ शिल्लक! चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, थांब. शोरूममध्ये विचारलेल्या भावांत विजेची गाडी पेट्रोलच्या तशाच गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग पडते. तीन लाख भागिले साडेपाच. साधारण साडेचोपन्न हजार किलोमीटर झाल्यावर ते तीन लाख वसूल. आता आपण वर्षाला चालवतो किती? स्टेशन, भाजी, सासुरवाडी आणि एखादं लग्न मिळून तीन हजार. म्हणजे अठरा वर्षं! आज मी शेहेचाळीसचा. चौसष्टाव्या वर्षी, निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर, मी फायद्यात येणार. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतलं जे आधी होईल त्याची देतात. माझ्या हातून आठ वर्षांत होणार २४,०००. बॅटरी म्हणेल, अहो, मला बाहेर तरी काढा!

तरीही मी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. गाडी घरी चार्ज करायला फार काही लागत नाही. पंधरा अँपिअरचा, गिझरला असतो तसला प्लग पुरतो. रात्री दहाला लावली की सकाळी सातला तयार. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या वीजजोडणीवर आपली गाडी चार्ज करायला मुभाही आहे. पण आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गाडी तळमजल्याला, कडुलिंबाखाली. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, तुमच्या मीटरवरून वायर खाली आणायची तर ती देशपांड्यांच्या खिडकीसमोरून येणार. त्यांनी समोरच्यांचं वाळत घातलेलं धोतर सहन केलेलं नाही." विषय सभेत आला. गाड्या नसलेल्या सभासदांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले. "कॉमन मीटरवर भार आला तर?" "पावसात शॉक लागला तर?" "उद्या सगळ्यांनीच घेतल्या तर?" अखेर पुढच्या सभेपर्यंत विचार करण्यासाठी एक उपसमिती नेमली. तिच्यात मीच आहे. त्यामुळे काही होईल अशी आशा मी सोडली.

त्याच आठवड्यात समोरच्या चाळीतला एक पोरगा कर्जासाठी टेबलासमोर आला. टूरिस्ट गाडी चालवतो. "काका, विजेची घेऊ का? बुडणार तर नाही?" मी खिशातला तोच कागद काढला. तो रोज दोनशे किलोमीटर चालवतो, वर्षाचे तीनशे दिवस. म्हणजे ६०,००० किलोमीटर. बाहेरच्या स्टेशनवर चार्ज करणं घरच्यापेक्षा महाग, म्हणून किलोमीटरमागे शिल्लक चारच रुपये धरली. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार! जे तीन लाख वसूल करायला मला अठरा वर्षं लागतात, ते हा सव्वा वर्षात वसूल करणार. कागद तोच, भागाकार तोच, बदलले फक्त किलोमीटर. ही गाडी परवडते का, हा प्रश्न गाडीला विचारायचाच नसतो. तो आपल्या चाकांना विचारायचा. माझ्यासारखा माणूस गाडी घेतो ती मुख्यतः उभी करण्यासाठी, आणि उभ्या गाडीला विजेचं काय अन् पेट्रोलचं काय.

त्याचं कर्ज मंजूर झालं. सौ. म्हणाली, "लोकांची कामं करता, घरचं तेवढं राहतं." तेव्हा मी तिला खरं कारण सांगितलं. ते कागदावर कुठल्याच रकान्यात नव्हतं.

आमची आई चिपळूणजवळ गावी एकटी असते. डोंबिवलीहून सव्वादोनशे किलोमीटर. मला परवडण्यासारखी जी विजेची गाडी, ती जाहिरातीत कितीही जावो, एसी लावून एका दमात पावणेदोनशे ते दोनशे जाते. म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलं. भराभर चार्ज करणारं यंत्र मिळालं आणि ते रिकामं असलं तरी तासभर. एरवी त्यात काही बिघडत नाही. वडे खावेत, पेपर वाचावा. पण २०१९ च्या जुलैत रात्री दीड वाजता शेजाऱ्यांचा फोन आला होता, की बाबांचं काही खरं नाही. मी किल्ली फिरवली आणि निघालो. पाऊस, अंधार आणि खड्डे. सकाळी पोचलो तेव्हा बाबा शुद्धीवर होते. "जेवलास का?" एवढं विचारलं. अर्ध्या तासानं गेले.

मध्यमवर्गीय माणूस गाडी वर्षाच्या ३६४ दिवसांसाठी घेत नाही हो. तो ती त्या एका रात्रीसाठी घेतो. त्या रात्री बॅटरी चोवीस टक्क्यांवर असली तर? सौ. काही बोलली नाही. तिनं उठून आईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पण त्या रात्री तुझी ती पेट्रोलची गाडी माणगावला तापली नव्हती का? तूच सांगितलंस, तास-दीड तास बॉनेट उघडून पावसात उभा होतास म्हणून."

मी गप्प. खरंच की! सहा वर्षांहून जास्त काळ मी त्या गाडीचे उपकार मानत होतो, आणि तो तास माझ्या आठवणीनं साफ राईट-ऑफ केला होता.

"आणि माझ्यासाठी गाडीबिडी घेऊ नकोस," आई पुढं म्हणाली. "इथं पावसात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. ती दारात आणून उभी करशील आणि परत जायला मिळायचं नाही. मला चालेल म्हणा. पण तुझी रजा संपेल. त्यापेक्षा आगगाडीनं ये."

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. आगगाडी! मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली आगगाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला. तेव्हापासून आम्ही चाकरमाने विजेच्याच गाडीनं हिंडतो आहोत. कोकण रेल्वेच्या मार्गाचं विद्युतीकरणही २०२२ मध्ये पूर्ण झालं. माझी सव्वाआठची लोकल मला रोज ऑफिसला नेते आणि परत आणते. तिला बॅटरी नाही, चार्जिंग नाही, उपसमिती नाही. पार्किंग माझं नाही. बसायला जागा नाही हे कबूल. पण मासिक पासात आणखी काय काय मागायचं?

जुन्या गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायचं ठरलं. चिरंजीव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या चाळीतला पोरगा नव्या गाडीचे पेढे घेऊन आला. खाली गाडी उभी होती, हार घातलेली आणि गप्प. त्यानं आम्हाला त्यातून स्टेशनपर्यंत चक्कर मारून आणली. खरोखर आवाज नाही. सौ.चा सगळा रस्ताभर ऐकू आला.

उतरताना तो म्हणाला, "काका, आईचं मला काकूंनी सांगितलं. रात्री-अपरात्री कधीही हाक मारा. रात्री माझी फुल चार्ज असते. लागलंच तर वाटेत माझं मी बघतो, तुम्ही फक्त बसायचं."

मला काय बोलावं सुचेना. घसा थोडा दाटल्यासारखा झाला. पण वीस वर्षांची सवय. मी विचारलं, "किलोमीटरला घेशील काय?"

तो हसला. "तुमच्याच कागदावरचा भाव काका. दीड रुपया."

"अरे, तो घरी चार्ज केल्यावरचा!" मी ओरडलो. "तुला बाहेर चार्ज करायला तीन पडतात. असा धंदा केलास तर हप्ते कसे भरशील?"