केळणेचा उतार

राजूरला गणपतीच्या पायथ्याशी एसटी थांबली आणि अर्धी रिकामी झाली. चतुर्थी नसूनही ही गर्दी. उरलेले आम्ही भोकरदनकडे निघालो. दोन्ही बाजूंना कपाशी आणि मका, मधूनच मिरचीचे वावर. भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातले भोगवर्धन. इथल्या दानशूरांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. पण मला जायचे होते त्याच्याही पुढे, असईला. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या एका माणसाने लढाईतले आपले सगळ्यात चांगले काम याच गावाच्या शिवारात केले, असे तो स्वतःच म्हणत असे. वॉटर्लूवर नेपोलियनला हरवल्यानंतरही त्याचे उत्तर बदलले नाही.

हा माणूस म्हणजे आर्थर वेलस्ली. १७६९ साली डब्लिनमध्ये जन्मलेला. थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर-जनरल, म्हणजे वशिला घरचाच. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली आणि पेशवाई ईस्ट इंडिया कंपनीच्या ओंजळीने पाणी पिऊ लागली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना हे सहन होण्यासारखे नव्हते. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला, सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा. २१ सप्टेंबरला दोघे बदनापूरला भेटले. दोन वाटांनी जायचे आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असे ठरले. आज जालना–संभाजीनगर रस्त्याने भरधाव जाताना बदनापुरात चहाला थांबणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल?

ठरलेली तारीख उजाडलीच नाही. २३ लाच वेलस्लीला कळले की मराठ्यांची छावणी वाटली होती त्याहून बरीच जवळ आहे, केळणा नदीच्या पलीकडे, भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली. स्टीव्हन्सन दूर होता. वाट पाहिली असती तर छावणी हलली असती. समोर शंभराच्या आसपास तोफा, पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालची कवायती पायदळे आणि हजारोंचे घोडदळ. प्रत्यक्ष लढाईत उतरवायला वेलस्लीकडे माणसे होती साडेचार हजारांच्या आसपास. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार होते. मराठ्यांविरुद्ध मराठेच, हेही त्या दिवसाचे एक दुखणे.

नदी उतरायची कुठून? वाटाडे म्हणाले, दुसरा उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली तर दोन काठांवर दोन गावे अगदी समोरासमोर दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी आहेत. माणसे इतकी जवळ घरे बांधतात म्हणजे त्यांचे एकमेकांकडे जाणे-येणे असणारच, आणि जाणे-येणे असेल तर उतारही असणार, हा त्याचा तर्क. तो बरोबर निघाला. पाण्यात शिरताना त्याच्या शेजारच्या स्वाराचे डोके तोफगोळ्याने उडवले, तरी फौज पार झाली.

केळणेच्या काठी मी एका शेळ्या राखणाऱ्या मामांना विचारले, "मामा, इथून उतरता येतं का?" त्यांनी आधी माझ्या बुटांकडे पाहिले. "येतं की. पण तुमी पुलावरून जा." नदीकाठच्या माणसाला उतार ठाऊक असतो, पण कुणाला सांगायचा तेही तोच ठरवतो.

उत्तरेला जुई, दक्षिणेला केळणा, मधल्या चिंचोळ्या पट्टीत लढाई झाली. इंग्रज बाजूने येताहेत हे पाहून पोलमनने सारी फळी काटकोनात फिरवली. इतक्या सफाईची वेलस्लीला अपेक्षा नव्हती. त्याची ७४ वी स्कॉटिश पलटण वाट चुकून थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली आणि तिची चाळण झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच पडून राहिले. इंग्रजांची फळी त्यांना मेलेले समजून पुढे सरकली, तेव्हा ते उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला पुन्हा मागे वळावे लागले. एक घोडा त्याच्याखाली मेला, दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळपर्यंत त्याचे सुमारे सोळाशे लोक मेले किंवा जखमी झाले होते. ९८ तोफा त्याच्या हाती आल्या. जखमींना अजिंठ्याच्या किल्ल्यात हलवले. मराठ्यांकडे शिस्त होती, तोफा होत्या, जिवावर उदार गोलंदाज होते. मात्र त्या दुपारी फौजेचे सूत्र पगारी परदेशी अधिकाऱ्यांच्या हाती होते आणि खुद्द सरदार रणाजवळ नव्हते.

असईत आज त्या लढाईचे काय दिसते? घरे, देऊळ, पार, ट्रॅक्टर, वळणावर शाळा सुटलेली पोरे.

वेलस्ली मात्र इथून वर चढतच गेला. ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि जानेवारी १८२८ मध्ये पंतप्रधान. पहिल्या मंत्रिमंडळ बैठकीनंतर, आपण हुकूम दिले तरी हे लोक चर्चा करत बसले, असे तो वैतागून म्हणाल्याचा किस्सा सांगतात. १८२९ मध्ये कॅथलिकांना संसदेत येऊ देणारा कायदा त्याने स्वपक्षाचा रोष पत्करून केला, त्यापायी द्वंद्वयुद्धही खेळला. कॅथलिकबहुल आयर्लंड त्याने जवळून पाहिले होते. पण नोव्हेंबर १८३० मध्ये मताधिकार वाढवण्याची मागणी आली तेव्हा, आहे ती पद्धत उत्तम आणि लोकांचा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे, असे तो सभागृहात बोलला. दोन आठवड्यांत सरकार गेले. पुढच्या वर्षी जमावाने त्याच्या लंडनच्या घराच्या काचा फोडल्या, त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. दोन गावांमधले जाणे-येणे ज्याला दुर्बिणीतून कळले, त्याला स्वतःच्या दारातला लोकांचा कल कळला नाही. सेनापतीला जमीन वाचावी लागते. पुढाऱ्याला माणसे वाचावी लागतात, आणि ती रोज नव्याने.

इकडे डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराखालचा मुलूख जालन्यासह सोडला. तो निजामाच्या पदरात पडला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान शरण आले, तेव्हा असईच्या लढाईला १४५ वर्षे पुरी व्हायला सहाच दिवस उरले होते. मग पहिली सार्वत्रिक निवडणूक आली आणि असईतल्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. शेतकरी असो, शेतमजूर असो, जमीन असो वा नसो. वेलिंग्टनच्या ब्रिटनने त्याच्या हयातीत आपल्या सगळ्या नागरिकांना एवढे कधीच दिले नव्हते.