पायी पाहिलेले लंडन

लंडनमधला एक दिवस आम्ही पायीच हिंडायचे ठरवले. सकाळी चॉक फार्म स्टेशनातून निघालो व थोड्याच वेळात १०, किंग हेन्रीज रोड या घरासमोर उभे राहिलो. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले. आता ते स्मारक आहे.

पुढे प्रिमरोज हिलची टेकडी चढलो, रीजंट्स पार्क ओलांडले व दमून ब्रिटिश म्युझियम गाठले. तेथील ग्रंथालयात बाबासाहेब तासन् तास वाचत. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली.

आमच्या मनात मात्र आपले बडोदे घोळत होते. सयाजीरावांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेस पाठवले, हे आपण अभिमानाने सांगतो. १९१७ मध्ये ते येथे नोकरीस आले तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हे सांगायचे टाळतो. परक्या शहरात खोली मिळाली, आपल्या शहरात नाही!

परतल्यावर पहिल्याच रविवारी मुलांना कमाटीबागेत नेले. जागा सोडावी लागली तेव्हा बाबासाहेब याच बागेत येऊन बसले होते. या वेळी आम्ही मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या.