चाळिशीतली पाटी

पूर्वी चाळिशी आली की माणूस डोळ्यांना चाळिशी लावीत असे आणि वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचण्याच्या त्रासातून मोकळा होत असे. वयाचे त्याच्याकडे एवढेच मागणे असे. मुलांची शिक्षणे, लग्नकार्ये, घराचा वरचा मजला आणि जमल्यास काशी-रामेश्वर हा पुढचा अभ्यासक्रम ठरलेला असे, आणि त्याला परीक्षा नसे. हल्ली चाळिशी आली म्हणजे माणूस प्रवेश घेतो. आमच्या गल्लीतच पाहा. बँकेतले एक गृहस्थ कायद्याच्या परीक्षेला बसले आहेत. कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाई मानसशास्त्र घेऊन पुन्हा एम. ए. करीत आहेत, आणि एस. टी.त नोकरीला असलेले आमचे एक स्नेही रात्रीच्या पाळीनंतर संगणकासमोर बसून कसलीशी पदविका घेत आहेत. संध्याकाळी गल्लीतून चक्कर मारावी तर लहान मुले खेळताना दिसतात आणि वडील मंडळी अभ्यासाला बसलेली.

तेव्हा आमच्या घरातही हा वारा शिरणार हे मी ओळखावयास हवे होते असे कुणी म्हणेल; परंतु तो माझ्या बाजूने शिरेल अशीच सर्वांची समजूत होती, कारण घरातला अध्यापक मी. एका रात्री जेवताना ही सहज म्हणाली, "अहो, मी एम. बी. ए. करीन म्हणते." आणि आईंना भाकरी वाढली.

ही देवळीकडच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हिशेब खात्यात आहे. सतरा वर्षे झाली. दसरा झाला की कापसाच्या गाड्या लागतात, आणि त्या दिवसापासून होळीपर्यंत हिचे घड्याळ आमच्या घड्याळाशी जुळत नाही. कारखान्याच्या मालकांनी आता सरकीच्या तेलाचाही धंदा जोडला आहे. दोन-अडीच वर्षांनी तिथले वित्त व्यवस्थापक निवृत्त होतील. त्यांच्या जागेवर येणाऱ्याने एम. बी. ए. असावे अशी अट कार्यालयाने घातली आहे. जे काम ही आज करते त्याचीच ती जागा. फक्त दारावर पाटी आणि पगारात जवळजवळ दुपटीचा फरक. पाटी दोन प्रकारची असते. एक हातात घ्यावयाची आणि दुसरी दारावर लावावयाची. दुसरी हवी असेल तर पहिली पुन्हा हातात घ्यावी लागेल, एवढा सरळ हिशेब हिने मांडला होता. त्यात एकच अडचण होती. आमची मुलगी यंदा बारावीला आहे, पुढच्या वर्षी तिचे कॉलेज सुरू होईल. घरात शिकणाऱ्या दोघी, आणि पैशाची थैली एक. आईच्या शिक्षणाला लाखाच्या आत काय ते बसले पाहिजे, आणि मुलीच्या नावाने ठेवलेल्या ठेवीला हात लावावयाचा नाही, ही अट हिचीच होती.

मराठीच्या अध्यापकाने अशा वेळी जे करावे तेच मी केले. माहितीपत्रके मागवण्याऐवजी इतिहास काढला. हिला सांगितले की व्यवस्थापनाची विद्या वर्ध्याला परकी नाही. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था काढली, तिला नाव मिळाले ते जमनालाल बजाजांचे, म्हणजे गांधीजींना वर्ध्याला आणणाऱ्या आमच्या शेठजींचे. त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे जे. सी. कुमारप्पांची. हा मनुष्य लंडनमध्ये हिशेब तपासण्याची विद्या शिकला, मुंबईत त्याच धंद्यात होता, मग १९२८ साली अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यवसाय-प्रशासनाची पदवी घेऊन बसला. आणि एवढे सारे करून अखेर कुठे आला, तर आमच्या मगनवाडीत, ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहावयाला. तेलघाणी, हातकागद आणि मधमाश्या यांचे अर्थशास्त्र त्याने इथे बसून मांडले. शिवाय १९३७ च्या ऑक्टोबरात याच गावी शिक्षण परिषद भरली आणि काम व शिकणे यांची फारकत होऊ नये हा विचार नई तालीम या नावाने देशभर गेला. नोकरी करीत शिकणारी तू, एका अर्थी त्याच घराण्यातली.

हिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हे ठीक. पण शुल्क किती?"

इथून पुढे सूत्रे हिच्या हाती गेली. एका संध्याकाळी मुलीने मोबाइलवर कुठल्याशा जाहिरातीखाली हिचे नाव व क्रमांक भरला, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी दूरध्वनींचा पाऊस सुरू झाला. एवढ्या अगत्याने माझ्या चौकशीला आजवर कुणी आलेले नाही. बोलणारी मुले मोठी गोड होती; स्वतःला सल्लागार म्हणवीत. एकाने सांगितले की हिची जागा आज रात्री बारापर्यंतच राखून ठेवली आहे, आणि तेवढ्यात पैसे भरल्यास शुल्कात वीस हजारांची सवलत मिळेल.

"आणि बारा वाजून पाच मिनिटांनी?" हिने विचारले.

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच मुलगा तीच सवलत घेऊन हजर झाला. नाशवंत माल कापसाच्या बाजारातही असतो, परंतु रोज रात्री बाराला नासणारा आणि रोज सकाळी ताजा होणारा माल हिने प्रथमच पाहिला.

त्या पोरांचाही दोष नाही; पोटासाठी ती बोलत होती. परंतु हिच्यातला हिशेबनीस त्यामुळे जागा झाला. तपासनीस कारखान्यात आला म्हणजे तो प्रथम गोड बोलणे बाजूला ठेवून कागद मागतो. हिनेही तसेच केले. वाचकहो, हिचे प्रश्न मी इथे मुद्दाम देतो, कारण तुमच्या घरातही कुणी चाळिशीत असेल.

पहिला प्रश्न : पदवी देणार कोण? जाहिरात करणारी कंपनी वेगळी आणि पदवी देणारे विद्यापीठ वेगळे असा प्रकार पुष्कळ ठिकाणी असतो. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठालाच; आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी लागते. आयोगाच्या संकेतस्थळावर त्याची यादी असते. ती यादी नुसत्या विद्यापीठाची नसून सत्राची आणि अभ्यासक्रमाचीही असते. एका विद्यापीठाच्या एम. ए.ला परवानगी आहे म्हणून एम. बी. ए.ला असेलच असे नाही. गेल्या वर्षी होती म्हणून यंदाही असेल असे नाही. शिवाय २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा एक ओळखक्रमांक काढावा लागतो. "मॅडम, तो आम्हीच काढून देतो," असे एकजण म्हणाला. हिने तो स्वतः काढला. सही आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असा हिचा दंडक आहे.

दुसरा प्रश्न : ही पदवी कार्यालयात चालेल काय? कायद्याने याचे उत्तर सोपे आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी ही वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे, असे आयोगाने २०२० च्या नियमांत घातले आणि २०२२ साली पुन्हा जाहीर केले. परंतु कायदा एक आणि मालक दुसरा. म्हणून हिने कार्यालयाला चार ओळींचे पत्र लिहून विचारले, आणि "मान्यताप्राप्त विद्यापीठाची असल्यास हरकत नाही" असे एका ओळीचे उत्तर लेखी घेतले. त्या एका ओळीने आमचे लाखभर रुपये वाचवले असे मला वाटते. कारण महाग पदवी घ्यावयाचे निम्मे कारण "चालेल की नाही" ही धास्तीच असते.

तिसरा प्रश्न : हप्ता म्हणजे काय? "बिनव्याजी हप्ते, मॅडम." हिने कागद मागितला. तो पाहता असे दिसले की विद्यापीठाचे शुल्क एकरकमी जाते आणि विद्यार्थ्याच्या नावावर एका वित्तसंस्थेचे कर्ज चढते. शिक्षण मधेच सुटले तरी कर्ज सुटत नाही. शाळा सोडलेल्या मुलाची फी बाप भरीत राहतो, तसा हा प्रकार. एवढा कागद पाहिल्यावर हिने तो नाव यादीतून खोडले.

उरली ती तीन-चार नावे. ही एका रात्री ताळेबंदाची कोरी वही घेऊन बसली. एका बाजूला खाजगी विद्यापीठांचे ऑनलाइन एम. बी. ए.; त्यांचे शुल्क दीड-दोन लाख आणि पुढे. दुसऱ्या बाजूला सरकारी मुक्त विद्यापीठे : १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ चे आमचे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. इंदिरा गांधी विद्यापीठाचे दोन वर्षांचे शुल्क साठ-सत्तर हजारांच्या आसपास बसत होते. गावच्या टेकडीवर असलेल्या हिंदी विश्वविद्यालयाच्या दूरशिक्षण विभागाने हाच विषय हिंदीतून शिकवलेला आहे, तेही नाव वहीत आले; परंतु हिच्या कार्यालयाचा सारा व्यवहार इंग्रजीत, म्हणून ते मागे पडले.

मग हिने शुल्काखाली आणखी रकाने पाडले. परीक्षेच्या दिवसांची रजा. नागपूरचे जाणे-येणे. पुस्तके. आणि सर्वांत शेवटी एक रकाना, ज्याला हिने नुसते "तास" असे नाव दिले. आठवड्याला किमान आठ तास अभ्यास. ते कुठून आणावयाचे?

हा रकाना भरताना हिची लेखणी थांबली, आणि मला वाटते, खरी निवड तिथेच झाली. महाग अभ्यासक्रमाच्या बाजूने बोलावयाचे तर त्यांत पुष्कळ काही असते. संध्याकाळी पडद्यावर शिक्षक येतात, चुकला तास पुन्हा पाहता येतो, काही ठिकाणी परीक्षाही घरीच कॅमेऱ्यासमोर देता येते, आणि अभ्यास मागे पडला तर आठवण करून देणारा माणूस असतो. ज्याला कुणी पाठीशी लागल्याशिवाय पुस्तक उघडवत नाही, त्याने जादा पैसे जरूर द्यावेत. ते शिकवणीचे नसून पाठीशी लागण्याचे आहेत हे मात्र ओळखून द्यावेत. मुक्त विद्यापीठ तुमच्या पाठीशी लागत नाही. ते पुस्तके देते, स्वाध्याय मागते, परीक्षेची तारीख कळवते आणि गप्प बसते. जून आणि डिसेंबर या दोन खेपा. यावे किंवा न यावे. या मौनात कितीतरी विद्यार्थी हरवतात. आणि अर्ध्यावर सुटलेली पदवी, तिचे शुल्क कितीही कमी असो, सर्वांत महाग. स्वस्त ती, जी पुरी होते.

तेव्हा प्रश्न विद्यापीठाचा राहिला नाही, घराचा झाला. पहाटे पाच ते सहा हा तास हिने स्वतःच्या नावावर घेतला. रविवारची दुपार मुलीबरोबर. संध्याकाळच्या स्वयंपाकातल्या भाकरी हिच्याकडे, बाकी सारे माझ्याकडे. माझी भाजी कशी होते याविषयी घरात मतभेद आहेत, परंतु ती वेळेवर होते याविषयी नाहीत. आईंनी पहिल्या दिवशी "आता या वयात परीक्षा देतेस का गं बाई?" एवढेच विचारले होते. आठ दिवसांनी पहाटेचा चहा त्यांनी आपणहून सुरू केला. त्यांचे स्वतःचे शिक्षण सातवीत थांबले. ते का थांबले हे त्यांनी कधी सांगितले नाही, आणि चहा का सुरू केला हेही नाही.

जुलैच्या सत्राला हिने इंदिरा गांधी विद्यापीठात प्रवेश घेतला. पुस्तके आली तेव्हा हिने त्यांना वर्तमानपत्राची कव्हरे घातली, अगदी शाळेसारखी. एका रविवारी मुलगी रसायनशास्त्र घेऊन आणि ही वित्ताचे पुस्तक घेऊन समोरासमोर बसल्या होत्या. मधेच ही हसू लागली. पुस्तकात खेळत्या भांडवलावर प्रकरण होते : माल आज रोखीने घ्यावयाचा, पैसे पुढे महिन्यांनी यावयाचे, आणि मधली दरी कशी भरून काढावयाची याची सूत्रे. "हे तर आमच्याकडे दसऱ्यापासून होळीपर्यंत चालते," ही म्हणाली. शेतकऱ्याला कापसाचे पैसे लगेच हवेत, गाठींचे पैसे व्यापारी सवडीने देणार. सतरा वर्षे ही दरी ही भरून काढीत आली आहे, फक्त तिला नाव आहे हे ठाऊक नव्हते. मुलगी म्हणाली, "आई, उत्तरात असले घरचे उदाहरण देता येत नाही." हिने ते दिले. स्वाध्यायात जिनिंगचा हंगाम आकड्यांसह लिहिला. नाव नसलेल्या ज्ञानाला पगारपत्रकात रकाना नसतो. पदवी माणसाला नवे ज्ञान देवो न देवो, असलेल्या ज्ञानाला नाव देते, आणि त्या नावाची किंमत द्यावी लागते. ती साठ-सत्तर हजार असावी की दोन लाख, एवढीच काय ती निवड आपल्या हाती.

पहिली परीक्षा डिसेंबरात आहे, आणि कापसाच्या गाड्याही ऐन तेव्हाच दाटीने लागतात. दोन्ही कसे साधणार, हे हिला अजून पुरते ठाऊक नाही. चार दिवसांच्या रजेचा अर्ज मात्र हिने आतापासूनच देऊन ठेवला आहे. परवा फराळाचा विषय निघाला. ही भाजणीचा हिशेब करू लागली, तोच आई म्हणाल्या, "चकल्या यंदा बचत गटाच्या बायांकडून आणू. तू आपली वाच."