किरकोळ दुरुस्ती आवश्यक

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत जुन्या यंत्रांचा व्यवहार करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : ‘चालू स्थितीतील सीएनसी लेथ विकणे आहे, किरकोळ दुरुस्ती आवश्यक.’ यातील ‘किरकोळ’ हा शब्द फार सोशिक आहे. त्यात गळका कूलंट पंप मावतो, संपत आलेली बॅटरी मावते, आणि विकणाऱ्याच्या मनात असेल तर मुख्य स्पिंडलचे झिजलेले बेअरिंगही मावते. पहिल्या दोहोंचा खर्च हजारांत भागतो. तिसऱ्याचा लाखाच्या घरात जाऊ शकतो.

बॅटरीचेही तसे सोपे नाही. अनेक नियंत्रकांत यंत्राची सारी परिमाणे ज्या स्मृतीत साठवलेली असतात, ती या लहानशा बॅटरीवर तगून असते. विद्युतपुरवठा बंद असताना बॅटरी संपली, तर यंत्र स्वतःची ओळखच विसरते. परिमाणांची प्रत जपून ठेवली असेल तर काम काही तासांचे. नसेल तर बंगळूरु, कोईमतूर किंवा राजकोटच्या मूळ उत्पादकाचा अभियंता बोलवावा लागतो. दोष एकच, पण तो किरकोळ की मोठा हे विकणाऱ्याच्या कपाटात ती प्रत आहे की नाही यावर ठरते.

अशा व्यवहारात विकणाऱ्याने किती बोलावे, या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कधीतरी वाचलेले असते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 17 खाली घोड्याचे उदाहरण आहे. ‘अ’ लिलावात ‘ब’ला घोडा विकतो, घोड्यात खोड आहे हे ‘अ’ला ठाऊक आहे, तो गप्प राहतो. ही फसवणूक नव्हे, असे कायदा म्हणतो. मात्र ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच खोड सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि ‘ब’ने जर म्हटले की, ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ तर त्यानंतरचे मौन हे बोलण्यासारखेच होय. पुढे कलम 19 मध्ये अशी पुस्तीही आहे की, साधारण दक्षता घेऊन खरेदीदाराला सत्य कळणे शक्य होते, तर केवळ मौनाच्या आधारे त्याला करार रद्द करता येत नाही.

जैन श्रावकाच्या आचारधर्मात घोड्याच्या जागी गाय आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त गृहस्थाने टाळावयाची पाच स्थूल असत्ये सांगितली, त्यांत ‘गवालीक’ म्हणजे गाईविषयीचे असत्य आहे. कमी दूध देणारी गाय पुष्कळ दूध देते असे सांगणे हे जसे असत्य, तसेच भरपूर दूध देणारीला कमी दुधाची म्हणणेही असत्यच. म्हणजे हा नियम विकणाऱ्यापुरता नाही. चांगल्या यंत्राभोवती फिरून, नसलेले दोष काढून भाव पाडणारा खरेदीदारही त्यात येतो, आणि बाजारात त्याला चतुर म्हटले जाते. टीकाकारांच्या मते कन्या, गाय व भूमी हे शब्द अनुक्रमे द्विपद, चतुष्पद आणि अपद अशा सर्वांचे सूचक आहेत. त्या वर्गवारीत लेथ अपदांत, भूमीच्या रांगेत बसेल. पण स्वभावाने तो गाईच्याच जवळचा आहे. जमीन समोर दिसते. गाय आणि यंत्र दोहोंचा खरा दोष काही वेळ त्यांच्यापाशी थांबल्याशिवाय कळत नाही.

अंबडमधील एका जैन कुटुंबावर हा प्रसंग प्रत्यक्ष आला. रविवार कारंज्यावरील हार्डवेअरच्या दुकानातून दुसऱ्या पिढीने जॉबवर्कचा कारखाना उभा केला होता. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजेक्शनच्या सुट्या भागांचे काम हा त्याचा आधार. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाल्यावर ते काम आटत गेले. दोन लेथपैकी एक विकायचे ठरले. येणाऱ्या पैशांतून निवृत्त होणाऱ्या दोन कामगारांचा हिशेब चुकता करायचा होता.

घेणारा सिन्नरचा. अकरा वर्षे दुसऱ्याच्या यंत्रावर ऑपरेटर म्हणून राबलेला, आता स्वतःचे पहिले यंत्र घेऊ पाहणारा. बँकेच्या कर्जातील स्वतःचा हिस्सा भरण्यासाठी त्याने आईचे दागिने तारण ठेवले होते. आला तो सकाळी दहाला. काम जाणणारा होता. त्याने स्पिंडलला डायल लावून फेक पाहिली, दोन्ही अक्षांची ढिलाई तपासली, टरेट फिरवून पाहिला, पडद्यावर यंत्राचे कामाचे तास वाचले. तीन नग काढले; तिघांचे माप एक. साडेआठ लाखांना सौदा ठरला आणि त्याने विसारासाठी खिशात हात घातला.

त्या लेथचा खरा दोष दुपारी दिसत असे. दोन तास चालल्यावर स्पिंडलचा पुढचा भाग अवाजवी तापे आणि कारागिरांच्या भाषेत ‘साइज पळे’. थोडेफार तापणे प्रत्येक यंत्रात असते; हे बेअरिंगचे होते, आणि घरातील दोघांनाही ते ठाऊक होते. वडील म्हणाले, “विसार राहू द्या. यंत्र असेच चालू ठेवा, चहा घ्या, साडेबाराला पुन्हा नग काढा.” साडेबाराला काढलेल्या नगाचे माप चार शतांश मिलिमीटरने सरकलेले निघाले. पाहुणा बराच वेळ मायक्रोमीटरकडे पाहत राहिला. मग शांतपणे म्हणाला, “काका, बेअरिंगचे पैसे कमी करावे लागतील.” सौदा सात लाख दहा हजारांवर आला.

मुलाचे म्हणणे असे की, पाहुण्याने काही विचारले नव्हते, आपण काही खोटे बोललो नव्हतो आणि पाहण्याची पूर्ण मोकळीक दिली होती. कायद्याच्या दृष्टीने तो फारसा चुकत नव्हता. यंत्र थंड असताना पाहणे हा पाहणाऱ्याचा प्रश्न. एक लाख चाळीस हजारांची तूट भरण्यासाठी घरातील एक मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडावी लागली, त्याचे व्याजही गेले. वडिलांनी वाद घातला नाही. कायद्याला सांगण्याचे कर्तव्य दिसते ते ग्राहकाच्या जागी मुलगी उभी असेल तेव्हा; व्रताला तेच कर्तव्य प्रत्येक ग्राहकापुढे दिसते, आणि त्याची किंमत घेणाऱ्यालाच मोजावी लागते. ती पुढे दामदुपटीने परत येते असे प्रवचनांतून ऐकू येते. या घराच्या वहीत अद्याप तसे काही जमा झालेले नाही.

कागदपत्रांकडे मात्र दोघांनीही सारखेच लक्ष दिले. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेख’ आहे, म्हणजे खोटा दस्तऐवज; आणि जुन्या यंत्रांच्या बाजारात अर्धे पैसे बिलात, अर्धे रोखीत हे त्याचे नेहमीचे रूप. यंत्र घेताना इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले असेल, तर विकताना वस्तू व सेवा कर भरावा लागतो : दर तिमाहीला पाच टक्के गुण वजा करून उरलेले क्रेडिट, किंवा विक्री किमतीवरचा कर, यांत जे अधिक असेल ते. पाच वर्षे उलटली की विक्री किमतीवरील करच उरतो. म्हणूनच ती किंमत कागदावर आखडण्याचा मोह होतो. येथे बिल पूर्ण रकमेचे झाले आणि त्यात लिहिले गेले : ‘स्पिंडल बेअरिंग बदलणे आवश्यक, खरेदीदारास प्रत्यक्ष दाखविले आहे.’ ही एक ओळ दोघांचेही रक्षण करते. ती लिहायला कोणत्याही वकिलाची गरज पडत नाही.

दुसरे कागद बँकेचे. यंत्र कर्जाऊ घेतलेले असेल तर त्यावर तारणाची पाटी रंगवलेली असते, आणि नव्या रंगाखाली ती सहज झाकली जाते. जुन्या लेथचा रंग फारच ताजा दिसला, तर आधी बँकेचे ना-हरकत पत्र मागावे आणि सेरसाईच्या केंद्रीय नोंदणीत शोध घ्यावा. विक्रेता कंपनी असेल, तर तिच्या निबंधकाकडील नोंदीतला बोजा उतरला आहे की नाही, हेही पाहावे. कर्ज फिटले तरी नोंद काढायची राहून गेली, असे पुष्कळदा होते. या घराचे कर्ज केव्हाच फिटले होते, तरीही ना-हरकत पत्र हाती येईपर्यंत वडिलांनी विसार घेतला नाही.

लेथ सिन्नरला गेला तेव्हा सोबत परिमाणांची प्रत, विद्युत आराखडा आणि नऊ वर्षांची अलार्मची वही गेली. वही मुलाच्याच हस्ताक्षरातली. सौदा तोट्याचा झाला हे मत त्याने अजून बदललेले नाही. पण यंत्र नव्या जागी बसवताना लागणारी अचूक पाणसळ पाहुण्याकडे नव्हती. ती घेऊन लेव्हलिंग करायला सिन्नरला तोच गेला.